मॉडेल हेलिकॉप्टर हवेत एका जागी धरायला शिकताना

रिमोटवर उडणारं शिकाऊ विमान नीट ट्रिम केलेलं, म्हणजे सरळ उडेल असं जुळवलेलं असेल, तर हवेत स्टिक सोडून दिल्या तरी ते बराच वेळ सरळ उडत राहतं. पंखांची ठेवण आणि शेपटी त्याला सावरून घेतात. हेलिकॉप्टरला सावरून घेणारं कुणी नसतं. ते हवेत एका जागी थांबलेलं दिसतं, तेव्हा खाली उभ्या माणसाचे दोन्ही अंगठे सारखे चालू असतात. हालचाल इतकी बारीक असते की बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून नवखा माणूस पहिल्यांदा उडवतो आणि त्याला वाटतं, मशीनमध्येच काहीतरी बिघाड आहे.

बिघाड नसतो. आधी थोडं गणित. वरच्या रोटरची, म्हणजे फिरणाऱ्या ब्लेडांची, चकती जेमतेम ५ अंश एका बाजूला कलली, तरी हेलिकॉप्टर त्या बाजूला वेग घ्यायला लागतं. दोन सेकंदांत ते सुमारे पावणेदोन मीटर सरकतं आणि तोवर त्याचा वेगही सेकंदाला पावणेदोन मीटर झालेला असतो. आता तुम्ही उलट्या बाजूला स्टिक देऊन त्याला सपाट केलं. थांबलं का? नाही. सपाट झाल्यामुळे वेग वाढायचा थांबतो, आलेला वेग तसाच राहतो. तो मारायला चकती थोडी उलट्या बाजूला कलवावी लागते आणि हेलिकॉप्टर थांबता थांबता पुन्हा सपाट करावी लागते. त्यात स्टिक मध्यावर आणली म्हणजे हेलिकॉप्टर सपाट झालं असंही नसतं. ते ज्या कलात असेल त्याच कलात राहतं. किती कलायचं हे स्टिक सांगत नाही, किती वेगाने कलायचं ते सांगते.

मैदानावर भेटणारे अनुभवी लोक "उजवीकडे गेलं की डावीकडे दे" एवढंच सांगतात. खोटं नाही, पण अर्धंच आहे. डावीकडे दिलेलं पुन्हा काढून घ्यायचं असतं, तेही हेलिकॉप्टर जागेवर परत यायच्या आधी. तळहातावर काठी उभी तोलताना हात जसा काठीच्या पुढे जाऊन लगेच मागे येतो, तसंच हे आहे. हा दुसरा अर्धा भाग अंगठ्यात उतरला नाही की हेलिकॉप्टर लंबकासारखे झोके घेतं, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि चौथ्या-पाचव्या झोक्याला ब्लेड जमिनीला लागतं. पुढचं सगळं या एका गोष्टीसाठी आहे.

नियंत्रणं चार, अंगठे दोन

आपल्याकडे बहुतेक जण मोड २ वापरतात. डाव्या स्टिकवर वर-खाली म्हणजे उंची, डावी-उजवीकडे म्हणजे रडर, अर्थात नाक फिरवणं. उजव्या स्टिकवर पुढे-मागे म्हणजे एलेव्हेटर, अर्थात पुढे-मागे कलणं, आणि डावी-उजवीकडे म्हणजे एलेरॉन, अर्थात बाजूला कलणं. मोड १ मध्ये उंची उजव्या हाताला येते. जपानमध्ये तो बराच चालतो. दोन्हींत चांगलं-वाईट काही नाही, पण जो मोड धराल तो बदलू नका. ज्याच्याकडून शिकणार आहात त्याचाच मोड घ्या, म्हणजे अडचणीच्या वेळी त्याला तुमच्या हातातला ट्रान्समीटर घेता येईल.

या चारही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात. उंची वाढवली की रोटरचा उलटा पीळ वाढतो आणि शेपटी वळायला बघते. आता हे काम जायरो, म्हणजे वळणं ओळखून शेपटी आपोआप धरणारं छोटं यंत्र, सांभाळतो. १९७० च्या आसपास जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी खरोखर ताब्यात राहणारं मॉडेल हेलिकॉप्टर उडवून दाखवलं, तेव्हा शेपटी धरायला जायरो नव्हता. तेही अंगठ्यानेच करावं लागे. त्या मानाने आपण सुखात आहोत.

कोणतं हेलिकॉप्टर घ्यावं

एकावर एक असे दोन रोटर असलेली छोटी हेलिकॉप्टरं खोलीत छान उडतात, स्वतःच स्थिर राहतात आणि म्हणूनच काही शिकवत नाहीत. मुलांसाठी घ्या, हरकत नाही. त्यानंतरची पायरी फिक्स्ड पिचची: ब्लेडचा कोन ठरलेला, उंची रोटरच्या वेगावर. तिसरा प्रकार कलेक्टिव्ह पिचचा. यात रोटर एकाच वेगाने फिरतो आणि ब्लेडचा कोन बदलून उंची मिळते, त्यामुळे हुकूम दिला की मशीन लगेच ऐकतं. पुढे जायचं असेल तर शेवटी इथेच यावं लागतं.

माझं मत असं, की सिम्युलेटरवर आधी मेहनत करायची तयारी असेल तर मधली पायरी गाळा आणि थेट छोटं कलेक्टिव्ह पिच हेलिकॉप्टर घ्या. एक्सके के११०, ओएमपी हॉबीचं एम१ किंवा ब्लेड कंपनीची छोटी मॉडेलं या वर्गात येतात. यातल्या बऱ्याच मशीनवर स्वतःहून सपाट होण्याचा मोड स्विचवर असतो. सुरुवातीला तो चालू ठेवा, पण कायमचा नको. त्या मोडमध्ये स्टिक मध्यावर आणली की मशीनच सपाट होतं, म्हणजे दिलेली दुरुस्ती परत काढण्याचं काम ते करतं आणि तुमचा अंगठा तेवढाच शिकायचा राहतो. उंची आपोआप धरून ठेवणारी स्वस्त मॉडेलं मात्र टाळाच. डावा अंगठा कधी शिकतच नाही.

हेलिकॉप्टर जितकं मोठं तितकं हवेत शांत. ६०० किंवा ७०० आकाराचं, म्हणजे साधारण तेवढ्या मिलिमीटरच्या ब्लेडांचं मशीन हॉवर करायला, म्हणजे हवेत एका जागी धरायला, सर्वांत सोपं, आणि तरीही नवशिक्याच्या हातात ते देऊ नये. एका पडण्याचा खर्च सोडा, ब्लेडमध्ये ताकद भयंकर असते. ४५० आकाराचं हेलिकॉप्टर, म्हणजे साधारण ३२५ मिलिमीटरची ब्लेडं आणि पाऊण किलोच्या आसपास वजन, हे मधलं माप. छोट्यावर हात बसला की दुसरं मशीन म्हणून ते घ्यावं. वापरलेलं ४५० स्वस्तात मिळतं. घेताना मुख्य शाफ्ट हाताने फिरवून वाकला आहे का ते बघा, मोठ्या गिअरचे दात बघा आणि सुटे भाग आजही मिळतात का ते आधी शोधा. डोक्यावर आडवी दांडी आणि तिच्या टोकांना छोटी पाती असलेलं जुनं फ्लायबारचं मशीन शिकायला वाईट नाही, पण त्याची जुळणी करायला कुणी जाणकार जवळ हवा.

सिम्युलेटरला पर्याय नाही

कॉम्प्युटरवर पडलेलं हेलिकॉप्टर एका बटणाने पुन्हा उभं राहतं, आणि नवशिक्याला नेमकं हेच हवं असतं. रिअलफ्लाइट, नेक्स्ट, अ‍ॅक्युआरसी, हेली-एक्स, यांतलं कुठलंही चालेल. एकच अट: कीबोर्डवर किंवा व्हिडिओ गेमच्या पॅडवर खेळू नका. जो ट्रान्समीटर मैदानावर हातात धरणार तोच यूएसबीने किंवा डोंगलने जोडा. अंगठ्याची आठवण त्या स्प्रिंगच्या ताकदीशी जोडलेली असते.

सरावाची पद्धत सांगतो. वारा शून्य, ४५० किंवा ५०० आकाराचं मॉडेल, शेपटी तुमच्याकडे. पहिल्यांदा चारही नियंत्रणं एकदम घेऊ नका. बऱ्याच सिम्युलेटरमध्ये एकेक नियंत्रण तुमच्याकडे देऊन बाकीचं त्यालाच सांभाळू देण्याची सोय असते. आधी एलेरॉन-एलेव्हेटर, मग उंची, शेवटी रडर. सगळी हातात आल्यावर हेलिकॉप्टर डोळ्यांच्या उंचीवर नेऊन तिथे धरा आणि जागेकडे लक्ष देऊ नका. हो, जागेकडे नको. सुरुवातीला फक्त एवढंच बघा, की चकती सपाट आहे का. सपाट ठेवलेलं हेलिकॉप्टर सरकलं तरी हळू सरकतं, आणि हळू सरकणारं सावरता येतं. जागा धरण्याचा हट्ट नंतरचा. जे पहिल्या दिवसापासून जागेच्या मागे लागतात त्यांच्या स्टिकच्या हालचाली मोठ्या होतात, आणि मोठी हालचाल म्हणजे पुन्हा झोके.

दुरुस्ती करताना स्टिक दाबून धरू नका, टिचकी मारल्यासारखी द्या: दिली, मध्यावर आणली, परिणाम बघितला, लागलं तर पुन्हा दिली. पूर्ण थांबवायला उलटी टिचकी. रोज अर्धा तास हे केलं तर आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा कितीतरी जास्त पचतं. शेपटी आपल्याकडे असताना पूर्ण बॅटरीभर न पाडता, गप्पा मारत उडवता येऊ लागलं की मैदानावर जायला हरकत नाही. गप्पांचा निकष मुद्दाम दिला आहे. बोलताना उडवता येतं, याचा अर्थ ते विचारातून अंगठ्यात उतरलं.

टेबलावरची तयारी

उडायला तयार म्हणून विकलेल्या मशीनवरही एक संध्याकाळ घालवा. मोटरच्या दोन वायरी काढून ठेवा, म्हणजे घरात रोटर चुकूनही फिरणार नाही. ट्रान्समीटर आधी चालू, मग हेलिकॉप्टरची बॅटरी. बंद करताना उलट. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

आता दिशा तपासा. हेलिकॉप्टर हातात धरून नाक पुढे झुकवा: स्वॅशप्लेट, म्हणजे रोटरखालची चकती कलवणारी तबकडी, मागे कलून सपाट राहायला बघते का? डावीकडे झुकवा, ती उजवीकडे जाते का? मग रडरची स्टिक डावीकडे देऊन शेपटीची छोटी ब्लेडं कुठल्या बाजूला सरकतात ते लक्षात ठेवा आणि हाताने नाक उजवीकडे फिरवा. ब्लेडं त्याच बाजूला सरकली पाहिजेत. उलटी सरकत असतील तर जायरोची दिशा उलटी आहे आणि उडाल्या उडाल्या मशीन भोवऱ्यासारखं फिरेल. नव्या माणसाच्या पहिल्याच उड्डाणात मशीन मोडण्याची जी कारणं मैदानावर दिसतात, त्यांत हे नेहमी असतं, आणि तपासायला अर्धं मिनिटही लागत नाही.

वजनाचा तोल बघायला रोटरचं डोकं असं फिरवा की ब्लेडची दोन टोकं हेलिकॉप्टरच्या डाव्या-उजव्या बाजूला येतील, आणि ब्लेड ग्रिप, म्हणजे ब्लेडची मुळं जिथे बसतात ते भाग, धरून उचला. नाक किंवा शेपटी लोंबता कामा नये; बॅटरी पुढे-मागे सरकवून जमवा. ब्लेडचे बोल्ट इतकेच आवळा की मशीन आडवं धरल्यावर ब्लेड स्वतःच्या वजनाने दुमडू नये, पण हलका झटका दिला तर दुमडावं. धातूत धातूचा स्क्रू जिथे जातो तिथे निळं थ्रेडलॉक, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव, थेंबभर. प्लास्टिकमध्ये मात्र नको, प्लास्टिक तडकतं.

ट्रान्समीटरवर तीन गोष्टी हव्यात. पहिली थ्रॉटल होल्डचा स्विच, जो मोटर तत्काळ बंद करतो. तो अशा जागी ठेवा की स्टिकवरची पकड न सोडता बोट पोचेल. दुसरी पिच कर्व्ह, म्हणजे उंचीची स्टिक कुठे असताना ब्लेडचा कोन किती, हे ठरवणारा आलेख. हॉवरला साधारण ५ ते ६ अंश लागतात, म्हणून ते मध्याच्या थोडं वर येऊ द्या आणि तळाला उणे २ किंवा ३ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. घाबरल्यावर डावा अंगठा झटकन खाली जातोच, आणि तळाला उणे १० अंश असतील तर हेलिकॉप्टर जमिनीत आपटतं. तिसरी एक्सपो, म्हणजे मध्याजवळची स्टिक मऊ करणं. २० ते ३० टक्के पुरे. फुटाबात मऊ करायला उणे आकडा लागतो, स्पेक्ट्रममध्ये अधिक. उलटं टाकलं तर मधली स्टिक आणखी तिखट होते, म्हणून स्क्रीनवरचा आलेख बघूनच सेव्ह करा.

शिकाऊ पाय जरूर लावा. पातळ कार्बनच्या दोन दांड्या फुलीसारख्या बांधून टोकांना हलके चेंडू अडकवलेले असतात. झिपटायने स्किडला, म्हणजे हेलिकॉप्टरच्या पायांना, बांधायचे. हेलिकॉप्टर उतरताना कललं तरी ब्लेड जमिनीला लागायच्या आत चेंडू टेकतो. मशीन थोडं सुस्त होतं. होऊ दे.

बॅटरीचं पथ्य

लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटरीचा प्रत्येक सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. उडवून आल्यावर, जरा विसावल्यावर, तो ३.७ च्या खाली दिसत असेल तर तुम्ही जास्त वेळ उडवता आहात. टायमर कमी करा. पाचवा हिस्सा तरी बॅटरी शिल्लक असताना उतरायचं. चार्जिंग १सी ने, म्हणजे २२०० एमएएचची बॅटरी २.२ अँपिअरवर, सगळे सेल सारखे भरणाऱ्या बॅलन्स तारेसकट, आणि तुम्ही समोर असतानाच. काही दिवस उडवणार नसाल तर सेल ३.८ च्या आसपास आणून ठेवा. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, मग ती कितीही महाग असो. मे महिन्यात बंद गाडीत लिपो सोडून जेवायला जाऊ नका.

जागा, वेळ आणि कायदा

भारतात २०२१ चे ड्रोन नियम मॉडेल हेलिकॉप्टरलाही लागू होतात. त्या नियमांत विमान, हेलिकॉप्टरसारखं रोटरक्राफ्ट आणि दोन्हींचा संकर अशा तिन्ही प्रकारांचा विचार आहे. २५० ग्रॅमपर्यंतचं नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचं मायक्रो. नॅनोला आणि बिगरव्यावसायिक मायक्रोला पायलटचा परवाना लागत नाही. मात्र जागेचं बंधन सगळ्यांना आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतला पट्टा पिवळ्या किंवा लाल क्षेत्रात येतो. पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. सांताक्रूझ आणि जुहू असे दोन विमानतळ पोटात घेतलेल्या मुंबईत याचा अर्थ काय होतो ते नकाशावर कंपास ठेवून बघा. वर मुंबई पोलिस ड्रोन आणि रिमोटच्या छोट्या विमानांवर वेळोवेळी मनाई आदेश काढतात. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि नोंदणीची सध्याची अट आधी बघा, मग मैदान शोधा.

मैदान म्हणजे सपाट, कापलेल्या गवताचं किंवा टणक मातीचं, भोवती माणसं नसलेलं. रविवारी आठनंतर प्रत्येक मोकळ्या जागेत क्रिकेट सुरू होतं, तेव्हा उजाडताच जा. तसंही वारा तेव्हाच पडलेला असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी देशावर हॉवर शिकायला उत्तम. पावसाळ्यानंतर उंच वाढलेल्या गवतात शेपटीचा रोटर अडकतो आणि त्याचे गिअर जातात. उड्डाणासाठी चार फूट बाय चार फुटांचा प्लायवूडचा तुकडा न्या. सतरंजी किंवा ताडपत्री नको, तिच्या कडा रोटरच्या वाऱ्याने वर येतात.

मुलं धावत येतील, कुत्री भुंकत मागे लागतील. ही थट्टा नाही, नियम आधीच ठरवा: कुणी १५ मीटरच्या आत आलं की थ्रॉटल होल्ड. ४५० आकाराच्या रोटरचा व्यास ७० सेंटिमीटर धरा आणि मिनिटाला २५०० फेरे, तर ब्लेडचं टोक ताशी ३३० किलोमीटरने जात असतं. २०१३ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये एका तरुणाचा स्वतःच्याच मोठ्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या ब्लेडने मृत्यू झाला, आणि तो नवशिका नव्हता. रोटर पूर्ण थांबल्याशिवाय जवळ जायचं नाही. चकतीच्या पातळीत डोकं आणायचं नाही.

पहिल्या बॅटरी

हेलिकॉप्टर प्लायवर ठेवा, नाक वाऱ्याकडे, शेपटी तुमच्याकडे. छोट्या मशीनमागे तीन-चार मीटर, ४५० असेल तर सहा-सात मीटर मागे आणि किंचित एका बाजूला उभे राहा. ट्रान्समीटरचा पट्टा गळ्यात घाला. सकाळी थंडीने बोटं आखडली असतील तर आधी चोळून घ्या.

होल्ड काढून रोटरला पूर्ण वेग घेऊ द्या, घाई नको. मग उंची हळूहळू वाढवा आणि मशीन हलकं व्हायला लागलं की थांबा. इथे बहुतेकांची एक गंमत होते: ते डावीकडे सरकायला लागतं. वरून बघितल्यास घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या रोटरचं, आणि बहुतेक मॉडेलं अशीच असतात, हे स्वाभाविक आहे. शरीराचा उलटा पीळ थोपवायला शेपटीचा रोटर सतत डावीकडे ढकलत असतो आणि सबंध हेलिकॉप्टर त्याबरोबर डावीकडे जाऊ बघतं. थोडा उजवा एलेरॉन द्यावा लागतो. नीट हॉवर होणारं मशीनही किंचित उजवीकडे कललेलंच दिसतं. ते सपाट करायला जाऊ नका.

पहिली एक-दोन बॅटरी जमिनीवर हलकं करणं, घोट्याएवढं उचलणं आणि खाली ठेवणं यात घालवली तरी चालेल. त्यानंतर मात्र तिथे रेंगाळू नका. भीतीने माणूस हेलिकॉप्टर जमिनीजवळच ठेवतो आणि तीच सर्वांत अवघड जागा असते. रोटरच्या व्यासाएवढ्या उंचीच्या आत त्याची स्वतःची हवा जमिनीवर आपटून परत येते, मशीन त्या गादीवरून घसरतं, आणि चुकलं तर सावरायला जागा नसते. ठाम हाताने कंबरेच्या वर न्या. छातीच्या उंचीवर हेलिकॉप्टर लगेच शांत होतं, हे पहिल्यांदा अनुभवताना आश्चर्य वाटतं.

नजर नाकावर ठेवा. शेपटी जवळ असल्याने डोळा तिकडेच जातो, पण रडर डावीकडे म्हणजे नाक डावीकडे, हा हिशेब कुठल्याही दिशेला बदलत नाही. शेपटी बघून उडवायला शिकलेला माणूस मशीन वळलं की गोंधळतो. जागेवर राहत नसेल तर त्याच्या मागोमाग चालत जाऊन मागेच उभे राहा. जमिनीवर कुठे आहे याची चिंता पुढच्या आठवड्यात करा.

तीन-चार मिनिटांच्या पुढे लक्ष टिकत नाही. टायमर वाजायची वाट न बघता उतरा, आणि दोन बॅटऱ्यांमध्ये दहा मिनिटं खरोखर बसा. उतरताना छातीपासून घोट्यापर्यंत सावकाश, आणि शेवटचा वीतभर भाग थोडा ठाम, कारण तिथे तरंगत राहिलात तर पुन्हा घसरणार. टेकल्यावर लगेच होल्ड.

हातातून जातंय असं वाटलं तर? उंची असेल तर आधी चकती सपाट करा आणि थोडं वर न्या. जमिनीला लागणारच असेल तर आपटायच्या आधी होल्ड मारा. मोटर चालू असताना ब्लेड मातीत गेलं की मोठ्या गिअरचे दात, सर्व्हो, म्हणजे ब्लेडचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटरी, आणि शेपटीचा बेल्ट सगळंच जातं. होल्ड मारल्यावर अनेकदा ब्लेड आणि एखादा शाफ्ट यावर निभावतं. वाचवायच्या नादात होल्ड विसरतो माणूस, म्हणून सिम्युलेटरवर प्रत्येक वेळी पडताना तो स्विच मारायची सवय करा.

पडल्यावर "काही झालं नाही" म्हणून लगेच दुसरी बॅटरी लावू नका. ब्लेडवर केसाएवढी चीर असली तरी ती कचऱ्यात. ब्लेड ग्रिपमधून जाणारा आडवा शाफ्ट काढून काचेवर लोळवा. वाकला असेल तर डगमगतो. तसाच मुख्य शाफ्ट. सर्व्होचे गिअर हाताने हळू फिरवून दाता-दाताला अडकतात का बघा. वाकलेला शाफ्ट सरळ करून वापरायचा मोह होतो, पण नवा शाफ्ट आणि पुढच्या पडण्यात जाणारी ब्लेडं यांची किंमत ताडून बघा. ब्लेड बदलली की ती एका पातळीत फिरतात का हे तपासायचं: टोकांना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा, आणि कुणालातरी सुरक्षित अंतरावरून कुठला रंग वर दिसतो ते बघू द्या. जो खाली आहे त्याच्या ग्रिपकडे जाणारी काडी अर्धा-एक आटा लांब करा.

शेपटी फिरवताना

शेपटी आपल्याकडे ठेवून दोन मीटरच्या चौकटीत धरता येऊ लागलं, की तिथे रमू नका. या टप्प्यावर वर्षभर अडकलेले लोक मैदानावर दिसतात. मशीन जरा वळलं की त्यांचा जीव वर-खाली होतो. नाक हळूहळू ४५ अंश वळवा, धरा, परत आणा. दुसऱ्या बाजूला तेच. मग ९० अंश. नाक तुमच्या उजवीकडे असेल तर उजवा एलेरॉन दिल्यावर हेलिकॉप्टर तुमच्याकडे येतं आणि एलेव्हेटर पुढे दिल्यावर उजवीकडे जातं. नाक डावीकडे असताना डाव्या एलेरॉनने जवळ येतं. सुरुवातीला शरीर हेलिकॉप्टरच्या दिशेला थोडं वळवून उभं राहिलं तर हिशेब सोपा जातो. त्याची सवय मात्र लवकर सोडा, नाहीतर नाक समोर आल्यावर पाठ करून उभं राहावं लागेल.

नाक तुमच्याकडे, हा सर्वांत मोठा अडथळा. एलेरॉन आणि एलेव्हेटर दोन्ही उलटे वाटतात. एक युक्ती कामी येते: हेलिकॉप्टर तुम्हाला ज्या बाजूला झुकताना दिसतं, त्याच बाजूला स्टिक द्या, त्या खाली गेलेल्या कडेला टेकू लावल्यासारखी. तुमच्या डावीकडे झुकलं तर स्टिक डावीकडे. तुमच्याकडे येऊ लागलं तर स्टिक तुमच्याकडे. शेवटचं वाचायला सोपं आहे. ब्लेड अंगावर येत असताना स्टिक स्वतःकडे ओढायला अंगठा तयार होत नाही. म्हणून हे सिम्युलेटरवर पक्कं झाल्याशिवाय मैदानावर करू नका, आणि मैदानावर पहिल्यांदा कराल तेव्हा नेहमीच्या दुप्पट लांब आणि डोक्यापेक्षा उंच. गोंधळ झाला की रडर देऊन ९० अंशांवर परत या. ही सुटकेची वाट आधी ठरवलेली असेल तर घाबरायला कमी होतं.

नंतर आठही दिशांना, ४५ अंशांच्या टप्प्याने, थांबत थांबत एक पूर्ण फेरी. डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही. प्रत्येकाची एक बाजू कच्ची असते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांचीही कोणती कच्ची निघेल याचा भरवसा नाही. सराव कच्च्या बाजूचा जास्त करा. बाजूचं हॉवर दोन्हीकडून जमलं की शिकाऊ पाय काढून टाका. त्यांच्यासकट सवय झाली की मशीनचा खरा स्वभाव कळत नाही, आणि वाऱ्यात ते अडचणच करतात.

वारा शेवटी. शेपटीवर वारा ढकलतो, नाक वाऱ्याकडे वळू बघतं. जायरो ते धरतो पण उंचीवर त्याचा उपाय नसतो. वाऱ्याच्या झोतात रोटरला कमी जोर लागतो आणि हेलिकॉप्टर वर जातं, झोत संपला की ते अचानक खाली बसतं. डावा अंगठा तोवर झोपलेला असेल तर इथे जागा होतो. झाडांच्या किंवा इमारतीच्या आडोशाला गेलं तर वारा कमी लागेल असं वाटतं, प्रत्यक्षात तिथली हवा जास्त घुसळलेली असते; मोकळ्यावर सरळ येणारा वारा बरा. हलक्या वाऱ्यात आठ दिशांची फेरी जमू लागली की त्याच उंचीवर, चालण्याच्या वेगाने, डावीकडून उजवीकडे आणि उलट न्यायला सुरुवात करता येते. वळताना नाक नेहमी तुमच्यापासून लांब जाईल अशा बाजूला वळवा, आणि पहिली काही वळणं सिम्युलेटरवर घ्या.